पेटीच्या तळातला माल

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"सर, मी पुण्यात जनसंपर्क विषयात एमए करते. वय २२. गाव तासगाव तालुक्यात, वडिलांची द्राक्षबाग आहे, बेदाणा करतात. दोन महिन्यांपासून एका एजन्सीत इंटर्नशिप करतेय. तिथलं एक क्लायंट म्हणजे लहान मुलांचं खासगी हॉस्पिटल. तिथल्या बिलाबद्दल एका मुलाच्या वडिलांनी केलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला आणि हॉस्पिटलचं गूगल रेटिंग घसरलं. आमच्या मॅडमनी मला दहा जीमेल खाती उघडून फाइव्ह स्टार रिव्ह्यू लिहायला सांगितले. 'तू गावाकडची आहेस, तुझी भाषा खरी वाटते,' म्हणाल्या. मी चार लिहिले. त्याच दिवशी कॉलेजात 'प्रतिष्ठा, माध्यमं आणि नैतिकता' या विषयावरच्या माझ्या निबंधाला दहापैकी नऊ मार्क मिळाले. त्या रात्री जेवण गेलं नाही. उरलेले सहा लिहायचे नाहीत हे कळतंय, पण नाही कसं म्हणायचं ते कळत नाही. सर्टिफिकेट मॅडमच्या हातात आहे. वडील म्हणतात, चांगल्या मालाला बोलका माणूस लागत नाही. हा धंदाच खोटा आहे का? आणि त्या निबंधाचं काय करू?"

मुली,

तुझ्या मॅडमचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. 'तुझी भाषा खरी वाटते.' ती खरी वाटते, कारण ती खरी आहे. तुझ्या आईची, आजीची, बागेत कामाला येणाऱ्या बायकांची आहे. मॅडमना रिव्ह्यू कुणीही लिहून दिले असते. त्यांना हवा होता तो हा खरेपणा, आणि तो त्यांना इंटर्नच्या स्टायपेंडमध्ये मिळाला. स्टायपेंड मिळत असेल असं मी धरून चाललोय.

उरलेले सहा लिहू नकोस आणि लिहिलेले चार काढून टाक. हे तुला माझ्याआधी कळलेलं आहे. आता जे कळत नाही म्हणतेस, त्याकडे येतो. पण त्याआधी माझी एक गोष्ट ऐकावी लागेल. म्हाताऱ्या माणसाला सल्ला विचारला की एवढी किंमत द्यावीच लागते.

मी ३१ वर्षं जनसंपर्क अधिकारी होतो. त्यातली बरीचशी एका रासायनिक कारखान्यात गेली. एका रात्री अडीच वाजता मॅनेजरचा फोन आला. "काही नाही हो, किरकोळ गळती झालीय, व्हॉल्व्ह बंद केलाय. सकाळी पेपरवाले विचारतील, तेवढं बघा." मी घरीच टेबलावर बसून प्रेस नोट लिहिली. 'किरकोळ वायुगळती, परिस्थिती पूर्ण नियंत्रणात, कुणालाही इजा नाही.' चार ओळी. ऑफिसात जाऊन फॅक्स केल्या आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो. मला वाटलं, काय चपळाई दाखवली!

सकाळी दहा वाजता कळलं की चार कंत्राटी कामगार सरकारी दवाखान्यात दाखल होते. ते आमच्या मस्टरवर नव्हते. त्यामुळे मॅनेजर खोटं बोलत नव्हता. त्याच्या कागदावरच्या माणसांपैकी खरंच कुणाला इजा झाली नव्हती.

तालुक्याचा एक बातमीदार होता. सकाळी पेपरची एजन्सी, दुपारी एलआयसीची पॉलिसी, संध्याकाळी बातम्या, असा त्याचा दिवस. त्याने माझी प्रेस नोट जशीच्या तशी लावली होती. ते चार कामगार ज्या वस्तीत राहायचे तिथे तोच पेपर टाकायचा. दोन दिवसांनी तो माझ्या केबिनमध्ये आला, चहा नको म्हणाला आणि एवढंच बोलला, "साहेब, तुमचा शब्द मी माझ्या नावाखाली छापला." भांडला असता तर मी उत्तर दिलं असतं. उत्तरं देण्याचाच माझा पगार होता.

ती रात्र मी नंतर कितीदा तरी आठवून पाहिली. चूक 'किरकोळ' लिहिण्यात तर झालीच, पण त्याआधीची चूक मोठी होती. मी मॅनेजरला विचारलं होतं, "काय सांगू?" गेटवरच्या वॉचमनला किंवा अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला विचारायला हवं होतं, "काय झालं?" कारखान्यातली बातमी बाहेर न्यायची हेच माझं काम, असं मी समजून चाललो होतो. बाहेरची बातमी आत आणायची, साहेबांच्या टेबलावर ठेवायची आणि ती वाचताना त्यांचा चेहरा पडला तरी तिथून उठायचं नाही, हे कामही माझंच होतं. ते मला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्हालाही शिकवत नसावेत. अभ्यासक्रमात मीडिया रिलेशन्सचा एक पेपर असतो, साहेबाला वाईट बातमी सांगण्याचा नसतो.

तुम्हाला आयव्ही ली शिकवला असेल. १९०६ साली या अमेरिकन माणसाने वृत्तपत्रांना आपली तत्त्वं लिहून पाठवली: आमचं काम उघड असेल, आम्ही अचूक माहिती देऊ, कुणालाही ती तपासायची असेल तर मदत करू. परीक्षेत हा परिच्छेद लिहिला की मार्क मिळतात. त्याच्या पुढची आठ-नऊ वर्षंही वाच. १९१४ च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोत लडलो इथे संपावरच्या खाण कामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला, तंबू जळाले, बायका-मुलं मेली. खाण कंपनी रॉकफेलर घराण्याची. त्यांनी लीला बोलावलं. त्याने कंपनीची बाजू मांडणारी पत्रकं देशभर पाठवली आणि त्यातले काही आकडे साफ चुकीचे निघाले. चौकशी आयोगाने विचारलं, ही माहिती खरी आहे का हे तुम्ही स्वतः तपासलं होतं का? त्याने कबूल केलं की नाही, कंपनीने दिलं ते घेतलं. तपासायला मदत करू असं जगाला लिहून देणारा माणूस स्वतःच तपासायला गेला नव्हता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझा फॅक्स आठवला.

मॅडम म्हणतील, "अगं, सगळेच करतात." बरेच जण करतात, हे खरं आहे. नुसते एजन्सीवालेच करतात असंही नाही. २००९ च्या निवडणुकांत, आपल्या विधानसभेच्याही, उमेदवारांचं कौतुक पैसे घेऊन बातमी म्हणून छापल्याचं प्रकरण गाजलं. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने ७१ पानांचा अहवाल दिला, त्यात नावं होती. कौन्सिलने २०१० मध्ये आधी त्याचं नावं गाळलेलं छोटं रूप प्रसिद्ध केलं आणि मूळ अहवाल लोकांसमोर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला. तेव्हा 'माध्यमं' या शब्दाकडे निबंधात तू भाबडेपणाने पाहिलं असशील तर तो एक मार्क तिथेच गेला असावा.

पण सगळे करतात आणि कुणाचं काही बिघडत नाही, हे खोटं आहे. लंडनमध्ये बेल पॉटिंजर नावाची फर्म होती. मार्गारेट थॅचर यांच्या प्रचाराचं काम केलेल्या टिम बेल यांनी काढलेली, बडी, दबदबा असलेली. मूळच्या सहारनपूरच्या गुप्ता बंधूंचा दक्षिण आफ्रिकेत मोठा कारभार होता आणि राष्ट्राध्यक्ष झुमांशी असलेल्या त्यांच्या जवळिकीवरून तिथे गदारोळ चालू होता. २०१६ मध्ये गुप्तांच्या कंपनीने या फर्मला काम दिलं, महिन्याला एक लाख पौंडांनी. लोकांचं लक्ष गुप्तांवरून उठून 'गोऱ्यांच्या मक्तेदार भांडवला'कडे जावं, असा प्रचार सुरू झाला. ट्विटरवर खोट्या खात्यांची फौज तोच सूर लावत होती. वर्णद्वेषाच्या जखमा अजून ओल्या असलेल्या देशात, क्लायंटला वाचवायला, मुद्दाम त्याच जागी बोट घातलं गेलं. प्रकरण उघडकीस आलं. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या जनसंपर्क संस्थांच्या संघटनेने त्यांना बाहेर काढलं, क्लायंट भराभर गेले आणि त्याच महिन्यात फर्म दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दुसऱ्यांचं नाव सांभाळण्याचे पैसे घेणारी फर्म महिनाभरही तग धरू शकली नाही. तिथेही कुणीतरी २२ वर्षांची इंटर्न असणारच. तिच्या बायोडेटावर ते नाव आजही असेल.

तुमचं हॉस्पिटल म्हणजे दक्षिण आफ्रिका नव्हे, हे मान्य. पण दहा खोटी खाती उघडायची रीत तीच आहे.

आता वडिलांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. सौद्यात बेदाण्याची पेटी उघडली की व्यापारी वरवर बघून थांबत नाही. तळात हात घालतो, मूठभर माल वर काढतो, रंग बघतो, दाबून बघतो, तोंडात टाकतो. वर टपोरा आणि खाली बारीक माल भरणाऱ्या बागायतदाराचं नाव त्या बाजारात एका हंगामात कळतं. तिथे बोलका माणूस लागत नाही, कारण घेणाऱ्याचा हात तळापर्यंत पोहोचतो. पण रात्री दोन वाजता तापाने फणफणलेलं मूल खांद्यावर घेऊन मोबाईलवर 'जवळचं मुलांचं हॉस्पिटल' शोधणाऱ्या आईचा हात कुठे पोहोचणार? तिला पेटी उघडता येत नाही. तिच्यासारख्याच आधी गेलेल्या कुणा आईचा शब्द, एवढाच तिचा हात. तिथे तुझे चार रिव्ह्यू बसलेत, तुमच्याकडच्या गोड भाषेत. म्हणून माझा राग तुझ्यावर नसला तरी त्या चार रिव्ह्यूंवर आहे. बेदाण्यात फसलेल्या व्यापाऱ्याचे पैसे बुडतात. इथे काय बुडेल, सांगता येत नाही. कदाचित ते हॉस्पिटल उत्तमही असेल. पण ते तुला माहीत नाही, आणि माहीत नसताना तू 'माझ्या बाळाला इथेच गुण आला' असं काहीतरी लिहिलं असणार.

आणखी एक माणूस यात आहे, त्याचा पत्रात तू फक्त ओझरता उल्लेख केलास. व्हिडिओ करणारा बाप. तुझे रिव्ह्यू त्याचं नाव घेत नाहीत, पण एकापाठोपाठ एक दहा कौतुकं आली की वाचणाऱ्याला वाटणार, हा एकटाच कटकट्या दिसतोय. प्रतिष्ठा हॉस्पिटललाच असते असं नाही, त्यालाही आहे.

मला इथे नेहमी १८८२ सालचं कोल्हापूर प्रकरण आठवतं. टिळक आणि आगरकर तेव्हा पंचविशीतले होते आणि केसरी-मराठा सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय, त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असं दाखवणारी पत्रं त्यांच्या हाती आली. त्यांनी त्यावरून रान उठवलं. पत्रं बनावट निघाली. ते कळल्यावर दोघांनी माफी मागितली, पण बर्वे यांनी खटला मागे घेतला नाही. चार महिन्यांची साधी कैद झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून दोघे सुटले, तेव्हा लोकांनी मोठं स्वागत केलं. ही गोष्ट आपण तेजस्वी संपादकांची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. चूक कळली तेव्हा ते हटून बसले नाहीत आणि वाचकांनी त्यांना सोडलं नाही. पण बनावट कागदांनी बदनाम झालेला माणूस बर्वे होता. त्या बाबतीत कोर्टात त्याची बाजू खरी ठरली आणि तरीही आज त्याचं नाव निघतं ते खलनायकासारखं. एकदा छापून गेलेलं इतक्या दूरवर जातं. तुझ्या दहा रिव्ह्यूंपुढे त्या बापाचं काय होईल, याचा विचार त्या मापाने कर.

बरं, आता नाही कसं म्हणायचं. नीतीवर भाषण देऊ नकोस. मॅडमना ते ऐकवणारी पहिली इंटर्न तू नसशील आणि त्यांच्याकडे त्याचं उत्तर तयार असेल. त्यांच्या धंद्याच्या भाषेत बोल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेस १० लाखांपर्यंत आणि पुढे ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेत, २००२ च्या नियमांत, रुग्ण ओढण्यासाठी आडमार्गाने जाहिरात करणं हा गैरवर्तनाचा भाग आहे. म्हणजे हे उघडं पडलं तर उत्तर तुमच्या क्लायंटच्या डॉक्टरांना द्यावं लागेल. हे तीन मुद्दे ईमेलवर लिही, तोंडी नको. मजकूर साधा ठेव: 'हे रिव्ह्यू क्लायंटला धोक्यात आणतील असं मला वाटतं, मी लिहिलेले चार काढत आहे, त्याऐवजी पुढील प्रस्ताव आहे.' कुणाला सीसी करू नकोस. धमकी वाटता कामा नये.

आणि प्रस्ताव खरंच दे. मघाशी म्हटलं ते आत बातमी आणायचं काम इथे सुरू होतं. तो व्हिडिओ पुन्हा बघ, या वेळी उत्तर शोधायला नको, तक्रार समजून घ्यायला बघ. माझा अंदाज, बाप बिल जास्त आलं एवढंच म्हणत नसणार. बिल कशाचं ते आधी कुणी सांगितलं नाही, असं म्हणत असणार. हॉस्पिटलच्या बहुतेक तक्रारी तिथेच असतात. २०२१ मध्ये महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं त्यानुसार बंधनकारक आहे. सुट्टीच्या दिवशी त्या हॉस्पिटलात जा, साधी व्हिजिटर म्हणून. दरपत्रक कुठे आहे? औषधाच्या खोक्यांमागे? मराठीत आहे का? बिलाच्या खिडकीवरची मुलगी एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) म्हणजे काय ते समजावून सांगते का? अर्धा तास बाकावर बस आणि लोक काय बोलतात ते ऐक. मग एक पान लिही: तक्रार ही आहे, कारण हे दिसतंय, दरपत्रक इथे लावा, भरती होतानाच खर्चाचा अंदाज लेखी द्या, त्या वडिलांना हॉस्पिटलच्या प्रमुखांनी स्वतः फोन करावा. गूगलवर उत्तर द्यायचं तर हॉस्पिटलच्या नावाने द्या, आणि त्यात मुलाच्या आजाराचा किंवा बिलाचा तपशील अजिबात नको. रागाच्या भरात 'तुमच्या मुलाला अमुक झालं होतं म्हणून' असं जाहीर लिहिणारे महाभाग मी पाहिलेत. रेटिंग सावरताना ते रुग्णाची गोपनीयता चव्हाट्यावर मांडतात.

मॅडम हे पान फेकूनही देतील. माझ्या साहेबांनी माझी असली किमान वीस पानं फेकली. दोन लागू केली. त्यातल्या एकामुळे कंत्राटी कामगारांची नावं गेटवरच्या रजिस्टरमध्ये रोज लिहायला सुरुवात झाली. ३१ वर्षांत माझ्या हातून झालेलं सगळ्यात उपयोगी जनसंपर्काचं काम तेच, आणि त्याची बातमी कुठेही आली नाही. तर हा धंदा खोटा आहे का, याचं उत्तर माझ्याकडे तेवढंच आहे: ते रजिस्टर.

सर्टिफिकेटचं म्हणशील, तर ते जाऊ शकतं. इथे मी तुला गोड बोलून फसवणार नाही. कॉलेजातल्या इंटर्नशिप बघणाऱ्या प्राध्यापकांना आधीच भेट, ईमेलची प्रत दाखव आणि गरज पडली तर दुसरीकडे उरलेले आठवडे भरता येतील का विचार. ज्यांनी नैतिकतेवर नऊ मार्क दिले, त्यांनी आता थोडी धावपळ करावी, ही अपेक्षा गैर नाही.

निबंध फाडू नकोस. त्यात जे लिहिलंस ते तेव्हा तुला खरं वाटत होतं. त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर त्या चार रिव्ह्यूंचा मजकूर स्वतःच्या हाताने उतरवून ठेव, तारखेसह.

आणि हे वाचून झाल्यावर लगेच एक काम कर. ती खाती कुणाच्या मोबाईल नंबरवर उघडलीस? तुझ्याच असणार, ओटीपी तुझ्याच फोनवर आला असेल. पासवर्ड ऑफिसच्या शीटमध्ये आहेत का, ते बघ. असतील तर आधी पासवर्ड बदल, मग प्रत्येक खात्यातून रिव्ह्यू काढ, मग खाती बंद कर. याच क्रमाने. नाहीतर उरलेले सहा दुसरं कुणीतरी लिहील आणि नंबर तुझा असेल.